प्रकाश व ध्वनी तरंगांचे शालेय प्रयोग

प्रकाश व ध्वनी तरंगांचे शालेय प्रयोग म्हणजे माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांतील प्रयोगशाळेत, वर्गात किंवा मैदानावर प्रकाश आणि ध्वनी यांचे वर्तन तपासण्यासाठी केले जाणारे भौतिकशास्त्रातील प्रयोग होत. परावर्तन, अपवर्तन, अनुनाद, व्यतिकरण, विवर्तन आणि ध्रुवण हे या प्रयोगांचे मुख्य विषय आहेत. यांपैकी काही प्रयोग केवळ एखादी राशी मोजतात, तर काही प्रयोगांतून प्रकाश किंवा ध्वनी हा तरंगच आहे असा निष्कर्ष काढता येतो. हा फरक लक्षात घेणे या प्रयोगांच्या अभ्यासात महत्त्वाचे आहे. ध्वनीच्या मोजमापाबाबत सातारा–सांगली परिसराला विसाव्या शतकाच्या प्रारंभापासूनचा इतिहास आहे. तो या लेखात स्वतंत्रपणे दिला आहे.

अभ्यासक्रमातील स्थान

महाराष्ट्रात शालेय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या 'बालभारती' या संस्थेची स्थापना १९६७ साली पुणे येथे झाली. तिच्या इयत्ता नववीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या पुस्तकात 'प्रकाशाचे परावर्तन' व 'ध्वनीचा अभ्यास' ही प्रकरणे आहेत. दहावीच्या पुस्तकाच्या पहिल्या भागात 'प्रकाशाचे अपवर्तन' आणि 'भिंगे व त्यांचे उपयोग' ही प्रकरणे येतात. अनुनाद नळी, सोनोमीटर, व्यतिकरण व विवर्तन यांचा अभ्यास उच्च माध्यमिक स्तरावर होतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लावलेल्या शोधाच्या स्मरणार्थ १९८७ पासून २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळांमध्ये भरणाऱ्या प्रदर्शनांत प्रकाश व ध्वनीचे प्रयोग नेहमी मांडले जातात.

मूलभूत राशी

तरंगाची वारंवारिता, तरंगलांबी व वेग यांचा संबंध 'वेग = वारंवारिता × तरंगलांबी' असा आहे. ध्वनितरंग हे अनुतरंग असून त्यांच्या प्रसारणासाठी हवा, पाणी किंवा स्थायू असे माध्यम लागते. प्रकाशतरंग हे अवतरंग असून ते निर्वात पोकळीतूनही जातात.

मानवी कानाला साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारितेचा ध्वनी ऐकू येतो. हवेत या ध्वनीची तरंगलांबी सुमारे १७ मीटरपासून १.७ सेंटिमीटरपर्यंत असते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मात्र सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असते. दोन्ही प्रकारच्या प्रयोगांच्या साधनांत जो मोठा फरक दिसतो त्याचे मूळ या आकड्यांत आहे. दाराबाहेर उभ्या असलेल्या व्यक्तीचे बोलणे ऐकू येते, पण ती व्यक्ती दिसत नाही. दाराची रुंदी बोलण्यातील ध्वनीच्या तरंगलांबीशी तुलना करण्याजोगी असते, म्हणून ध्वनी कडेने वळतो. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तुलनेत मात्र तेच दार लाखो पटींनी मोठे असते.

ध्वनीचे प्रयोग

घंटा व निर्वात हंडी

काचेच्या हंडीत विद्युत घंटा ठेवून पंपाने हवा काढत गेल्यास घंटेचा आवाज क्षीण होत जातो. घंटा मात्र पूर्वीइतकीच स्पष्ट दिसत राहते. रॉबर्ट बॉईल यांनी १६६० च्या सुमारास हा प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनीला माध्यम लागते आणि प्रकाशाला लागत नाही, असा निष्कर्ष यातून सांगितला जातो. मात्र शाळेतील पंपाने हंडीतील सर्व हवा निघत नाही. उरलेली विरळ हवाही ध्वनी वाहून नेऊ शकते. परंतु घंटेकडून विरळ हवेला आणि तिच्याकडून काचेला फारच थोडी ऊर्जा मिळते, म्हणून आवाज मंदावतो. त्यामुळे हा प्रयोग निर्वाताचा पुरावा न मानता, हवा कमी होत जाताना आवाज कसा बदलतो याचे निरीक्षण म्हणून नोंदवणे अधिक अचूक ठरते.

प्रतिध्वनीवरून वेग

मूळ ध्वनी व प्रतिध्वनी वेगळे ऐकू येण्यासाठी त्यांच्यात किमान ०.१ सेकंदाचे अंतर असावे लागते. २२ अंश सेल्सियस तापमानाला हवेतील ध्वनीचा वेग सुमारे ३४४ मीटर प्रतिसेकंद असल्याने परावर्तक पृष्ठभाग किमान १७.२ मीटर दूर असावा लागतो.

एकच टाळी वाजवून तिचा प्रतिध्वनी घड्याळाने मोजणे फसवे असते. भिंत ५१.६ मीटर दूर असेल तर प्रतिध्वनी ०.३ सेकंदात परत येतो आणि घड्याळ दाबण्यास लागणारा वेळच सुमारे ०.२ सेकंद असू शकतो. म्हणून लयीत टाळ्या वाजवल्या जातात आणि प्रतिध्वनी दोन टाळ्यांच्या बरोबर मध्ये पडेल अशी लय साधली जाते. या उदाहरणात दोन टाळ्यांमधील काळ ०.६ सेकंद होतो व अशी वीस अंतरे १२ सेकंदांत पूर्ण होतात. ०.२ सेकंदाची तीच चूक आता १२ सेकंदांत विभागली जाते आणि दोन टक्क्यांहून कमी उरते.

अनुनाद नळी

पाण्यात उभ्या धरलेल्या नळीच्या तोंडाशी कंप पावणारा नादकाटा धरून नळी हळूहळू वर घेतल्यास हवेच्या स्तंभाच्या ठरावीक लांबीला आवाज एकदम मोठा होतो. स्तंभाची लांबी तरंगलांबीच्या सुमारे एकचतुर्थांश असताना पहिला आणि तीनचतुर्थांश असताना दुसरा अनुनाद मिळतो. नळीच्या उघड्या तोंडाशी तरंग किंचित बाहेर पसरतो. त्यामुळे नळीच्या आतील व्यासाच्या सुमारे ०.३ पट इतकी दुरुस्ती करावी लागते. दोन अनुनाद-लांबींची वजाबाकी केल्यास ही दुरुस्ती आपोआप नाहीशी होते व 'वेग = २ × वारंवारिता × लांबींतील फरक' हे सूत्र वापरता येते.

५१२ हर्ट्झचा नादकाटा, ३ सेंटिमीटर व्यासाची नळी आणि २२ अंश तापमान असल्यास पहिला अनुनाद सुमारे १५.९ सेंटिमीटरला व दुसरा ४९.५ सेंटिमीटरला मिळतो. फरक ३३.६ सेंटिमीटर आणि वेग ३४४ मीटर प्रतिसेकंद येतो.

हवेतील ध्वनीचा वेग तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ०.६ मीटर प्रतिसेकंदाने वाढतो. तापमान तेच असेल तर हवेच्या दाबातील बदलाचा त्यावर परिणाम होत नाही. सांगली जिल्ह्यातील कडेगावसारख्या ठिकाणी हिवाळ्यातील सकाळ व उन्हाळ्यातील दुपार यांच्या तापमानात मोठा फरक असतो, त्यामुळे हा परिणाम साध्या पट्टीने मोजता येतो. १५ अंशांना दोन अनुनादांतील अंतर सुमारे ३३.२ सेंटिमीटर, तर ३५ अंशांना सुमारे ३४.४ सेंटिमीटर येते. बारा मिलिमीटरचा हा फरक जानेवारीत व एप्रिलमध्ये तोच प्रयोग पुन्हा करून पडताळता येतो. म्हणूनच प्रयोगवहीत तापमानाची नोंद नसेल तर वेगाचा आकडा अपुरा ठरतो.

सोनोमीटर

लाकडी पोकळ पेटीवर ताणलेली तार, तिच्याखाली सरकणाऱ्या दोन पाचरी आणि टोकाला टांगलेली वजने असे सोनोमीटरचे स्वरूप असते. तारेची वारंवारिता तिच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात आणि ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात बदलते. वारंवारिता दुप्पट करण्यासाठी लांबी निम्मी करावी लागते किंवा ताण चौपट करावा लागतो. अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या पोलादी तारेला ४ किलोग्रॅम वजन लावल्यास २५६ हर्ट्झसाठी सुमारे ३१ सेंटिमीटर लांबी लागते. तारेवर कागदाचा लहानसा घोडा ठेवून नादकाट्याचा दांडा पेटीवर टेकवला असता योग्य लांबीला कागद उडून पडतो. संगीताचा कान नसलेल्या विद्यार्थ्यालाही त्यामुळे अनुनादाची जागा निश्चित करता येते.

सातारा–सांगली परिसरातील श्रुतिमापन

भारतीय संगीतशास्त्रात एका सप्तकात बावीस श्रुती मानल्या आहेत. या श्रुतींची स्थाने वारंवारितेच्या गुणोत्तरांत बसवण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या प्रारंभी सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी केला. या कामी त्यांना किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या गायनाचे साहाय्य झाले. खाँसाहेबांचे पुढील आयुष्यातील वास्तव्य मिरजेत होते. देवल यांचे 'द हिंदू म्युझिकल स्केल अँड द ट्वेंटी-टू श्रुतीज' हे इंग्रजी पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. भारतीय सनदी सेवेतील अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी देवल यांच्या मतांचा पुरस्कार केला आणि १९१३ साली भारतीय संगीतावर पुस्तक लिहिले. या मतानुसार स्वर लावलेली श्रुती-हार्मोनियमही तयार करण्यात आली.

या वादाचा गाभा शालेय सोनोमीटरवर तपासता येतो. १०० सेंटिमीटर लांबीच्या तारेचा स्वर षड्ज मानल्यास ३/२ गुणोत्तराचा पंचम ६६.७ सेंटिमीटरला मिळतो. ५/४ गुणोत्तराचा गंधार ८० सेंटिमीटरला येतो, तर पंचमाच्या चक्राने मिळणारा ८१/६४ गुणोत्तराचा गंधार सुमारे ७९ सेंटिमीटरला येतो. दोन गंधारांमधील गुणोत्तर ८१/८० असून तारेवर त्यांच्यात जेमतेम एका सेंटिमीटरचे अंतर पडते. पाचरी मिलिमीटरच्या अचूकतेने सरकवता येत असल्याने हा फरक मोजणे अवघड नाही, आणि षड्जाच्या तारेबरोबर वाजवल्यास तो कानालाही जाणवतो.

मोजमापाने वाद मिटला मात्र नाही. १९१६ साली बडोदे येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींवर चर्चा झाली. त्या परिषदेमागील प्रमुख व्यक्ती विष्णु नारायण भातखंडे यांना देवल–क्लेमेंट्स यांचे मत मान्य नव्हते. तारेवरील स्थान अचूक मोजता येते. परंतु गायक दर वेळी नेमके त्याच स्थानी थांबतो का, हा निराळा प्रश्न आहे. नझीर जयराझभॉय व ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर भारतीय संगीताच्या प्रत्यक्ष सादरीकरणात स्वरांची स्थाने बदलती असल्याचे दिसून आले. उपकरणाची अचूकता आणि मोजल्या जाणाऱ्या गोष्टीची स्थिरता या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे समजण्यास हे उदाहरण उपयुक्त ठरते.

मिरजेचा तंबोरा

सांगली जिल्ह्यातील मिरज हे सतार व तंबोरा यांच्या निर्मितीचे जुने केंद्र असून तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची घोडी सपाट व किंचित उतरती असते आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढली जाते.

साध्या तारेच्या बाबतीत, ज्या बिंदूवर तार छेडली जाते त्या बिंदूवर पात असलेले उपस्वर निर्माण होत नाहीत. सोनोमीटरची तार बरोबर मध्यावर छेडल्यास दुसरा, चौथा असे सम उपस्वर जवळजवळ नाहीसे होतात. तंबोरा व वीणा यांच्या बाबतीत हा नियम पाळला जात नाही, हे रामन यांनी १९२१ साली दाखवले. कंपनाच्या दरम्यान तार घोडीच्या वक्र पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा स्पर्श करते व त्यातून उपस्वर नव्याने उपजतात. मोबाइलमधील ध्वनीचा वर्णपट दाखवणाऱ्या उपयोजनाच्या साहाय्याने सोनोमीटर व तंबोरा यांच्या आवाजातील हा फरक वर्गात पडद्यावर पाहता येतो.

गोलघुमट

सातारा, सांगली भागातील शाळांच्या सहलींना सोयीचे असे ध्वनिपरावर्तनाचे प्रसिद्ध ठिकाण म्हणजे विजापूर येथील गोलघुमट. मुहम्मद आदिलशाह (मृत्यू १६५६) याच्या या कबरीच्या घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे. घुमटाच्या सज्जात भिंतीलगत केलेली कुजबुज समोरच्या बाजूला स्पष्ट ऐकू येते, तसेच एका आवाजाचे अनेक प्रतिध्वनी उमटतात. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील अशाच सज्जाचे स्पष्टीकरण लॉर्ड रॅले यांनी दिले. ध्वनी मध्यातून सरळ न जाता वक्र भिंतीवर लहान लहान टप्प्यांनी परावर्तित होत तिच्या कडेने पुढे सरकतो, त्यामुळे त्याची तीव्रता फारशी घटत नाही. ३८ मीटर व्यासाच्या अर्ध्या परिघाची लांबी सुमारे ६० मीटर होते व ती पार करण्यास ध्वनीला सुमारे ०.१७ सेकंद लागतो.

प्रकाशाचे प्रयोग

परावर्तन व अपवर्तन

सपाट आरसा, टाचण्या व कोनमापक घेऊन आपाती कोन व परावर्तन कोन समान असल्याचे पडताळले जाते. काचेच्या चिपेच्या प्रयोगात चार टाचण्या एका रेषेत दिसतील अशा लावून आपाती किरण, अपवर्तित किरण व निर्गत किरण काढले जातात. अपवर्तनांक १.५ असलेल्या काचेसाठी ३० अंश आपाती कोनाला सुमारे १९.५ अंश, ४५ अंशांना २८ अंश आणि ६० अंशांना ३५ अंश अपवर्तन कोन येतो. कोनांचे गुणोत्तर बदलत राहते, मात्र त्यांच्या ज्यांचे म्हणजे साइनचे गुणोत्तर स्थिर राहते. हाच स्नेलचा नियम होय.

हे दोन्ही प्रयोग प्रकाशाचे नियम मोजतात. प्रकाश तरंग आहे हे मात्र सिद्ध करत नाहीत. भिंतीवर आपटून परतणारा चेंडूही परावर्तनाचा नियम पाळतो. न्यूटनच्या कणसिद्धान्तानेही अपवर्तनाचा नियम मिळतो, परंतु त्यानुसार दाट माध्यमात प्रकाशाचा वेग वाढायला हवा. तरंगसिद्धान्तानुसार तो कमी व्हायला हवा. फ्रेंच शास्त्रज्ञ लेआँ फूको यांनी १८५० साली पाण्यात प्रकाश हवेपेक्षा मंद असल्याचे दाखवले. १.५ अपवर्तनांकाच्या काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो.

व्यतिकरण व विवर्तन

प्रकाश तरंगरूप असल्याचा निर्णायक पुरावा थॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी केलेल्या व्यतिकरणाच्या प्रयोगांतून मिळाला. दोन कणप्रवाह एकत्र आल्यास त्यांची बेरीज होते. प्रकाशात प्रकाश मिळवून काळोख होणे तरंगांच्याच बाबतीत शक्य असते.

शाळेत हा परिणाम लेसर पॉइंटर व डोक्याचा केस घेऊन पाहता येतो. केस लेसरच्या झोतात आडवा धरल्यास समोरच्या भिंतीवर एकाआड एक उजळ व काळे पट्टे दिसतात. ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर, २ मीटर अंतरावरील भिंत व ७० मायक्रोमीटर जाडीचा केस असल्यास लगतच्या काळ्या पट्ट्यांतील अंतर सुमारे १८.६ मिलिमीटर येते. हे अंतर पट्टीने मोजून उलट गणिताने केसाची जाडी काढता येते.

सीडीवरील सर्पिल खाचांच्या ओळींतील अंतर १.६ मायक्रोमीटर, तर डीव्हीडीवरील ०.७४ मायक्रोमीटर असते. तोच लाल लेसर लंबरूप टाकल्यास सीडीवरून पहिला बाजूचा ठिपका सुमारे २४ अंशांवर व डीव्हीडीवरून सुमारे ६१ अंशांवर मिळतो. खाचा जितक्या जवळ, तितका प्रकाश अधिक पसरतो.

ध्रुवण

ध्रुवक पट्टिकेतून कॅल्क्युलेटरचा किंवा एलसीडी पडदा पाहत पट्टिका ९० अंशांनी फिरवल्यास पडदा काळा होतो. कंपनाची दिशा प्रसारणाच्या दिशेला लंब असेल तरच असे घडू शकते. म्हणून हा प्रयोग प्रकाश अवतरंग असल्याचे दाखवतो. हवेतील ध्वनी अनुतरंग असल्याने त्याचे ध्रुवण होत नाही.

एकाच प्रयोगाची दोन रूपे

यंगचा प्रयोग ध्वनीच्या साहाय्याने मैदानावर करता येतो. एकाच मोबाइलला जोडलेले दोन स्पीकर १ मीटर अंतरावर ठेवून १,७०० हर्ट्झचा स्वर सुरू करावा. या स्वराची तरंगलांबी सुमारे २० सेंटिमीटर असते. स्पीकरपासून ५ मीटरवर त्यांना समांतर चालत गेल्यास सुमारे प्रत्येक मीटरला आवाज मोठा व मधे मंद ऐकू येतो. जवळ भिंती असल्यास परावर्तित ध्वनीमुळे ही रचना बिघडते. दोन वेगवेगळे मोबाइल वापरल्यास त्यांच्या वारंवारितांतील सूक्ष्म फरकामुळे मंद व मोठ्या आवाजाच्या जागा स्थिर राहत नाहीत. दोन वेगळ्या विजेच्या दिव्यांनी भिंतीवर पट्टे का दिसत नाहीत, याचे उत्तरही यातून मिळते: दोन्ही स्रोतांतील तरंगांचा परस्परसंबंध कायम राहावा लागतो.

मैदानावरील एक मीटरचे अंतर आणि भिंतीवरील काही मिलिमीटरचे पट्टे एकाच सूत्राने मिळतात: तरंगलांबीला पडद्याच्या अंतराने गुणून स्रोतांमधील अंतराने भागावे. कानाने चालत मोजलेले सूत्रच डोळ्यांना न दिसणाऱ्या लांबीपर्यंत पोहोचवते, हे या जोडप्रयोगाचे शैक्षणिक महत्त्व आहे.

सुरक्षितता

लेसरचा झोत किंवा त्याचे आरशासारख्या चकचकीत वस्तूवरून येणारे परावर्तन डोळ्यांत जाऊ देऊ नये. शालेय उपयोगासाठी १ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा लेसर वापरावा. स्वस्त पॉइंटरवरील छापील शक्ती विश्वसनीय असतेच असे नाही, त्यामुळे झोत नेहमी डोळ्यांच्या पातळीखाली ठेवावा. सूर्याकडे थेट, भिंगातून किंवा सीडीतून पाहू नये. सूर्यबिंब पाहण्यासाठी सूचिछिद्रातून कागदावर पडलेली प्रतिमा वापरावी. छिद्रापासून १ मीटरवर ही प्रतिमा सुमारे ९ मिलिमीटर व्यासाची असते. सोनोमीटरची ताणलेली तार तुटून उसळू शकते, म्हणून वजने एकेक करून वाढवावीत आणि चेहरा तारेपासून दूर ठेवावा.